न तुटलेली कांडी

सर धातूंशी अरे-तुरे करत आणि माणसांशी अहो-जाहो. वर्गातल्या मिसरूडही न फुटलेल्या मुलांना ते 'अहो, जरा फळा पुसता का?' असं विचारत, आणि पोलादाच्या तुकड्यावर भिंग धरून 'काय रे, कुठे लागलं तुला?' असं म्हणत. त्यांच्या हाताखाली संशोधन करायला म्हणून मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे वाक्य दाराबाहेरूनच ऐकलं. आत कोणीतरी जखमी विद्यार्थी असावा असं समजून थांबून राहिले. मी तशी दारात थांबून राहणाऱ्यांपैकीच. बऱ्याच वेळाने सरांनी मान वर केली. 'या ना बाई. ओळख करून देतो,' म्हणाले आणि माझ्या हातात एक मोडलेला बोल्ट ठेवला.

विषय होता धातूंचा फटीग. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. सरांनी त्यात नोकरीची सगळी वर्षं घालवली होती. लिहिताना ते इंग्रजी शब्द वापरत, बोलताना मात्र शीण म्हणत. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी घरापुरतं, त्यामुळे शीण हा शब्द मी आजीच्या गुडघ्यांशिवाय कशाशी जोडलेला नव्हता. 'ओझ्याने तुटायला एक क्षण पुरतो, बाई,' सर म्हणत. 'शिणाने तुटायला वर्षं लागतात आणि तोवर बाहेरून काही दिसत नाही.' असं काही बोलून झालं की ते लगेच खिशात रुमाल शोधू लागत, जणू आपण जरा जास्तच बोललो.

दर वर्षी पहिल्या तासाला ते लोणावळ्याहून चिक्की आणत. एक वडी टेबलाच्या कडेवर फोडत आणि दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून दाखवत. सांधा दिसत नसे. मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवून मऊ केलेली दुसरी वडी काढत, ती ओढून, वाकवून तोडत. तिचे तुकडे काही केल्या जुळत नसत. 'ओझ्याने तुटलेलं पोलाद असं वाकून तुटतं. शिणाने तुटलेलं पहिल्या वडीसारखं, सरळ. कसा तुटलास हे त्याला विचारायचं असेल तर आधी तुकडे जुळवून बघा. तोंडाने माणसं बोलतात. तुकडे खोटं बोलत नाहीत.' मागच्या बाकांवरची मुलं फक्त चिक्की कधी वाटणार याची वाट बघत. सर वाटत नसत. सगळे तुकडे कागदात बांधून परत नेत. 'नमुने आहेत ते,' म्हणत.

मी त्यांच्याकडे आले तोपर्यंत सर थकले होते. विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत दुसऱ्याच कोणाचं कपाट आलं होतं. शीण मोजायचं त्यांचं यंत्र एका नव्या परदेशी यंत्राला जागा हवी म्हणून मोडीत निघालं, तेव्हा सरांनी ते मागून घेतलं आणि लोणावळ्याजवळ वलवणला बहिणीच्या बंगलीत मागच्या पडवीत नेऊन बसवलं. स्वतःही तिथेच राहायला गेले आणि तासांपुरते लोकलने पुण्याला येऊ लागले. डिपार्टमेंटात सगळे हसले. लोखंड गंजवायला सर लोणावळ्याला निघाले, असं कोणीतरी म्हणालं आणि ते वाक्य टिकलं. हसण्यासारखं होतंच. पावसाळ्यात तिथे ढग खिडकीतून आत येऊन पलंगावर बसतात. सरांच्या कोटावर हिरवी बुरशी असे, चपलांवर असे, पुस्तकांवर असे. यंत्राभोवती मात्र रात्रंदिवस दोन बल्ब जळत आणि पडवीतल्या लोखंडावर गंजाचा ठिपका नसे.

यंत्र साधं होतं. एक मोटर. तिच्यात पोलादाची बोटभर कांडी अडकवायची, मध्ये कंबर बारीक केलेली. दुसऱ्या टोकाच्या हुकाला वजनं टांगायची आणि कांडी फिरवत ठेवायची. वजनामुळे ती किंचित वाकते, आणि फिरत असल्यामुळे क्षणाक्षणाला सगळ्या बाजूंनी वाकते. कधी ना कधी तुटते, वजन खाली पडतं आणि मोटर आपोआप बंद होते. वजन जास्त तर लवकर, कमी तर उशिरा. मग आलेखावर एक ठिपका द्यायचा. माझ्या प्रबंधात विद्यापीठातल्या नव्या यंत्रावर काढलेले असे पुष्कळ ठिपके होते. शेवटचा एक द्यायचा राहिला होता.

पुस्तकांत असं लिहिलेलं असतं की पोलादावरचं ओझं एका हद्दीच्या खाली ठेवलं तर ते कधीच तुटत नाही. अशी कांडी पुष्कळ दिवस फिरवतात, मग यंत्र बंद करून आलेखावर तिच्या ठिपक्यापुढे उजवीकडे एक छोटा बाण काढतात. बाण म्हणजे, तुटली नाही, आम्ही थांबलो. सरांना तो बाण मान्य नव्हता. 'कधीच' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. हद्दीच्या खालचं ओझंही शीण देतं, फक्त कोणी पुरेशी वाट बघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी छापूनही टाकलं होतं. बाहेरच्या एका मासिकात त्यावर दोन ओळींची थट्टा आली होती. तेव्हापासून पडवीत एक कांडी हद्दीच्या खालच्या ओझ्यावर फिरत होती. मी बी.एस्सी.ला होते तेव्हापासून. ती तुटली तर सर खरे ठरणार होते, आणि माझा शेवटचा ठिपका तोच होता. मी ती कांडी निवडली नव्हती. पण 'हिचं तुम्ही लिहा बाई, माझं लिहून झालंय,' असं सर म्हणाले तेव्हा नाही म्हणायचं मला सुचलं नाही.

वीज गेली की यंत्र थांबे आणि मग धावावं लागे. थांबलेल्या कांडीवर वजन तसंच लटकत राहिलं तर ती एकाच बाजूला वाकून फुकट जाते. म्हणून लाइट गेली की हातातलं टाकून पडवीत जायचं आणि वजन हुकावरून उचलून खाली ठेवायचं, हा त्या घरातला नियम होता. हाकेच्या अंतरावर धरण, पण त्याच्या पाण्याची वीज घाटाखाली जाई आणि आमच्याकडचे दिवे जात-येत असत. हे वजन घरात आलेल्या प्रत्येकाने उचललेलं होतं. सुट्टीला आलेल्या सरांच्या बहिणीने, दूधवाल्याने, एकदा तर मनीऑर्डर घेऊन आलेल्या पोस्टमनने. सर पुण्यात असले म्हणजे हे काम चिमामावशीचं.

चिमामावशी कामशेतच्या वरच्या अंगाला, पवनेच्या बाजूच्या एका डोंगरवाडीवरची. घरात स्वयंपाक-पाणी तीच करी आणि सरांना मास्तर म्हणे. मला ती पहिल्या दिवशी म्हणाली, 'मास्तरांनी लगीन न्हाई केलं म्हंत्यात. मंग ही कोन हाय पडवीत, रातंदिस कुरकुरतीया?' सर आतून म्हणाले, 'चिमाबाई, तिला ऐकू जातं.' 'जाऊ द्या की. म्या काय भिते व्हय तिला?'

ती सरांकडे कशी आली हे मला तिनेच भाकऱ्या थापता थापता सांगितलं. तिचा नवरा सोमाटण्याच्या बाजूला एका दगडखाणीत कामाला होता. क्रेनची साखळी तुटून दगड अंगावर आला. मालकाचं म्हणणं, कामगारांनी न विचारता जास्त ओझं लादलं, चूक त्यांची. तुटलेली कडी तपासायला सरांकडे आली. सरांनी तुकडे जुळवले. ते जुळले. कुठे वाक नव्हता. आणि तुटलेल्या तोंडावर झाडाच्या खोडात दिसतात तशा रेषा होत्या, त्यातल्या आतल्या जुन्या, गंजलेल्या. कडी कित्येक महिने थोडी थोडी तुटत होती आणि कोणी बघितलं नव्हतं. मालकाचं विद्यापीठात वजन होतं. 'ओझ्याने' असा एक शब्द लिहायचा होता. सरांनी 'शिणाने' लिहिलं. चिमामावशीला भरपाई मिळाली. सरांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही. 'कोन हाय ह्यो मास्तर त्ये बगाया आलते,' चिमामावशी म्हणाली. 'बगते तर दूध उतू गेल्यालं, मास्तर भिंग घिऊन चिमट्याकडं बगतोय. मंग ऱ्हायले.'

सरांनी स्वतः मला हे कधीच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'कडी चांगली होती हो. बिचारीने फार दिवस धरून ठेवलं.'

त्या वर्षीच्या मे महिन्यात माझी शिष्यवृत्ती संपत आली. घरी लग्न ठरलं होतं, मुलगा भिलाईला होता. वडिलांनी जूनअखेरपर्यंतची मुदत दिली होती आणि ते दिलेली मुदत वाढवणाऱ्यांतले नव्हते. प्रबंध त्याआधी जमा झाला तर तिकडे जाऊन कुठेतरी शिकवता आलं असतं. नाही झाला तर मी अर्धवट शिकलेली एक सून. हे मी सरांना एवढ्या शब्दांत सांगितलं नव्हतं. चिमामावशीलाही नाही. पण ती माझ्या ताटातलं उरलेलं बघे आणि तिला कळे.

कांडी फिरत होती.

मी सकाळच्या लोकलने येई. सर पडवीत स्टुलावर बसलेले असत. 'काय रे, आजही नाही?' एवढं ते यंत्राला विचारत. मला काही विचारत नसत. दिवसभर ती कुरकुर कानात राही, घरी पुण्यात गेल्यावरही राही. आईने एकदा विचारलं, 'सारखी कशाचा कानोसा घेतेस?'

मेच्या शेवटी एक दिवस सर म्हणाले, 'चला बाई, मुदत मागून बघू.' मागायला ते कधी कोणाकडे जात नसत, म्हणून मी लगेच पर्स उचलली. विभागप्रमुख आता सरांचाच एक जुना विद्यार्थी होता. त्याने आम्हाला बाहेरच्या बाकावर बरंच बसवून ठेवलं. मग आत बोलावलं आणि चहा मागवला.

'शिष्यवृत्ती वाढायची नाही, सर. माझ्या हातात नाही ते,' तो म्हणाला. 'पण मी म्हणतो, हवी कशाला? सगळं जग बाण काढतं. एक बाण काढा आणि मुलीला मोकळी करा.'

'जग बाण काढतं ते उत्तर मिळालं म्हणून नाही,' सर म्हणाले. 'कंटाळलं म्हणून.'

'आणि तुम्ही नाही कंटाळलात?'

'कंटाळलो ना,' सर म्हणाले. 'खूप.'

चहा त्यांनी तसाच ठेवला. परतीच्या लोकलमध्ये ते खिडकीशी बसले. कामशेत गेल्यावर म्हणाले, 'तुमच्यावर मी अन्याय करतोय का, बाई?' मी खिडकीबाहेर बघितलं. खाचरं भाजून काळी झालेली होती.  सरांनी पुन्हा विचारलं नाही.

वलवणला पोचलो तर फाटकापासूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं. कुरकुर ऐकू येत नव्हती. लाइट तर होती, व्हरांड्यातला बल्ब दिसत होता.

चिमामावशी पायरीवर उभी. 'मास्तर, तुटली!'

सरांची छत्री हातातून पडली. त्यांना मी धावताना तेव्हाच बघितलं. 'कधी? कधी तुटली?'

'आत्ताच की. आपली आपन. म्या चुलीम्होरं हुते, तवर कट्‌ झालं.'

पडवीत हुक आणि वजनं खाली पडलेली होती, कांडीचे दोन तुकडे. सरांनी लगेच हात लावला नाही. आधी मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. त्यांचा चेहरा मी नीट बघितला, कारण तसा तो पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नाही. दहा-पंधरा वर्षं कोणीतरी काढून घेतली होती त्यावरची. 'तुटलीस अखेर,' ते म्हणाले. 'छान केलंस. फार छान केलंस.' मलाही रडू येत होतं. मी खाली बघितलं तर यंत्राखालच्या तेलात तांदळाचे चार-सहा दाणे चिकटलेले होते. पडवीत तांदूळ कुठून, एवढंच मनात आलं.

सरांनी तुकडे उचलून टेबलावर ठेवले आणि जुळवले.

ते जुळले नाहीत. कांडी बारीक कमरेत वाकलेली होती. तुकडे एकमेकांकडे पाठ फिरवल्यासारखे राहिले.

सरांनी ते पुन्हा जुळवून बघितले. फिरवून बघितले. मग भिंग घेतलं आणि एका तुकड्याच्या तोंडावर धरलं. बराच वेळ धरलं. त्यांचा हात खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा त्यांचा नेहमीचा झाला होता. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. तुकडा आणि भिंग माझ्यापुढे केलं.

'बघा बाई. काय दिसतं ते सांगा.'

'मास्तर,' दारातून चिमामावशी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. 'तिला नगा विचारू. म्या सांगते. व्हय, म्याच केलं. आंबेमोहराची पिशवी आडकिवली वजनाच्या हुकाला. पोर वाळून चालली, लगीन तोंडावर आलं, आन् ही बया काय ऐकंना.'

सर टेबलाकडेच बघत होते.

'तवा तुमी खरं लिवलं, म्हून माजी पोरं जगली. न्हाई कुटं म्हनत म्या? आता येक डाव खोटं लिवा की. तुमचं बी काम हुतंय, तिचं बी हुतंय. कुनाचं काय वाईट हाय त्यात?'

'चिमाबाई,' सर अगदी हळू म्हणाले, 'बाईंना बघू द्या.'

मी भिंग डोळ्याला लावलं. तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही तिघंच होतो तिथे. 'शिणाने' असं मी म्हटलं असतं तर ते सरांच्या तोंडून आलेलं नसतं, माझ्या आलं असतं. सर खरे ठरले असते, त्या मासिकालाही उत्तर मिळालं असतं आणि माझा प्रबंध आठवड्याभरात बांधायला गेला असता. 'ओझ्याने' म्हटलं तर नवी कांडी लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची. तेवढी वर्षं माझ्याकडे नव्हती. सरांकडेही नव्हती. भिंगातून मला रेषा शोधायच्या होत्या. एक जरी दिसली असती तर मी तिला धरून बसले असते. तोंड सगळं रवाळ होतं, गुळाची ढेप फोडल्यासारखं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही रेषा नव्हती. इतकी वर्षं फिरून त्या कांडीला कुठे एवढीशीही चीर पडलेली नव्हती.

'ओझ्याने तुटली आहे, सर,' मी म्हटलं. 'शीण कुठेच नाही.'

'कुठेच नाही?'

'कुठेच नाही.'

सरांनी मान हलवली, चांगला विद्यार्थी बरोबर बोलला की हलवत तशी. मग खुर्ची ओढून बसले. 'आलेख काढा तुमचा,' म्हणाले.

मी पिशवीतून आलेख काढून पसरला. त्यांनी माझं पेन घेतलं, शेवटच्या ठिपक्याची जागा शोधली, ठिपका दिला आणि त्याच्यापुढे उजवीकडे एक बाण काढला. बाण काढायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. टोक जरासं खाली झुकलं.

'आता खोटा नाही हा,' ते म्हणाले. 'आज दुपारपर्यंत ती तुटली नव्हती. तेवढं खरं आहे. पुढचं कोणाला कळायचं नाही आता. तुम्ही उद्या टाइप करायला द्या.'

'आणि तुमचं, सर?'

'माझं काय, मी म्हणत होतो शीण येतो. ती म्हणाली नाही येत.' त्यांनी खिशात रुमाल शोधला. 'की अजून आला नव्हता, कोण जाणे.'

चिमामावशी पदर तोंडाशी धरून उभी होती. 'मास्तर, म्या वाईट केलं व्हय?'

सरांनी थोडा विचार केला. त्यांनी विचार न करता कधी उत्तर दिलं नाही, तिलाही नाही. 'चिमाबाई, तिला थांबवणं मला कधी जमलं नसतं,' ते म्हणाले. 'चहा टाका.'

चहा घेऊन आम्ही आतल्या खोलीत बसलो. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यावरून बैलगाडी गेली तिचं वंगण संपलेलं सुद्धा कळत होतं. सर तुकड्यांना तेल लावत होते, नेहमी लावत तसं, गंजू नयेत म्हणून. बाहेर वारा सुटला, फणसाची पानं पत्र्यावर घासली आणि लाइट गेली.

आम्ही तिघंही उठलो. चिमामावशीने कप खाली टाकला, मी टेबलाला आपटले, आणि पडवीच्या दारात आम्ही एकमेकांवर आदळून थांबलो. सर सगळ्यांत पुढे होते, दोन्ही हात वजन उचलायला पुढे केलेले.

 मग अंधारातून चिमामावशी म्हणाली, 'बसा मास्तर. आता काय उचलायचं हाय?'

सर तिथेच स्टुलावर बसले. आम्ही दोघी उंबऱ्यावर टेकलो. लाइट यायला त्या दिवशी बराच वेळ लागला. ती यावी अशी कोणाला घाई नव्हती.